मुरमातली खुंटी आणि अठरा व्होल्ट

धाराशिव जिल्ह्यात तंबू ठोकायचा म्हटलं की पहिली गाठ जमिनीशी पडते. बालाघाटाच्या पठारावर येडशी, तुळजापूर, नळदुर्गच्या बाजूला कितीतरी ठिकाणी माती वीतभरही नसते. तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या मऊ मातीसाठी घडवलेल्या असतात. या बरड रानात त्या दोन टोल्यांत वाकतात. तेरणाकाठच्या काळ्या रानात प्रकार उलटा. तिथे खुंटी हाताने दाबली तरी आत जाते आणि रात्री पाऊस झाला की तितक्याच सहज वर येते.

गावाकडे यावर पहार आणि घण हा उपाय आहे, आणि तो उत्तम आहे. शेतातच मुक्काम असेल तर दुसरं काही शोधू नये. पण चौघं मित्र दोन मोटरसायकलींवर नळदुर्गचे धबधबे बघायला निघाले किंवा एखादं कुटुंब गाडी घेऊन दोन रात्री बाहेर पडलं, तर पहार कुठे बांधणार? अशा वेळी बॅटरीवरचं ड्रिल मशीन कामी येतं. वायर नको, जनरेटर नको, आवाज थोडा आणि वजन दीड-दोन किलो. मात्र ते कसं चालतं, किती वेळ चालतं आणि कुठे मुळीच चालवू नये, हे निघण्याआधी समजून घेतलं पाहिजे. त्याशिवाय ते नेलं तर नुसतं ओझं होतं.

बॅटरीचं हत्यार या जिल्ह्याला नवं नाही. सोयाबीनच्या दिवसांत बांधाबांधावर जो पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप दिसतो, तोही याच जातीचा. त्यात बहुधा १२ व्होल्टची, ८ किंवा १२ अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची सीलबंद बॅटरी असते. ती छोटी मोटर फिरवते, मोटर पडदा हलवते, पडदा औषध पुढे ढकलतो. नोझलची दांडी बंद केली की नळीतला दाब वाढतो आणि दाबाचं बटण मोटर आपोआप थांबवतं. ज्याला हा पंप कळला त्याला बॅटरीचं ड्रिल निम्मं कळलं.

हाच पंप पुढच्या मृगाला बाहेर काढला की पुष्कळदा चार्ज धरत नाही. शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि तेवढा पत्रा कामातून जातो. म्हणून ही बॅटरी पूर्ण भरून ठेवावी लागते आणि मधूनमधून चार्जला लावावी लागते. शिवाय ती पूर्ण उतरवणंही तिला सोसत नाही. लांब टिकवायची तर निम्मीच वापरावी. ८ अँपिअर-तासांच्या पंपात हिशेबाने ९६ वॅट-तास असतात, पण हक्काचे मिळतात पन्नासच्या आतबाहेर, आणि त्यासाठी अडीच किलोच्या आसपास वजन वाहायचं. ड्रिल मशीनची लिथियम-आयन बॅटरी पाऊण किलोच्या आत ९० वॅट-तास देते आणि त्यातला बहुतेक भाग वापरता येतो. हातातली हत्यारं बॅटरीवर आली ती या फरकामुळे.

हा ‘वॅट-तास’ मुक्कामावरचा सगळ्यात उपयोगी आकडा आहे, म्हणून त्याच्याशी जरा थांबू. व्होल्ट म्हणजे पाण्याची टाकी किती उंचावर आहे ते. अँपिअर-तास म्हणजे टाकीत पाणी किती ते. नुसत्या उंचीवरून किंवा नुसत्या पाण्यावरून काम किती होईल ते कळत नाही, दोन्हींचा गुणाकार करावा लागतो. १८ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास. ४ चा पॅक ७२, ५ चा ९०. आता ९ वॅटचा दिवा ९० वॅट-तासांच्या पॅकवर दहा तास चालेल, हे तोंडी सांगता येतं. पुढचे सगळे हिशेब याच एका गुणाकाराचे आहेत.

पॅक उघडला (स्वतः उघडू नये, आतल्या पट्ट्यांचा शॉर्ट झाला तर भाजतं) तर आत गोल सेल दिसतात. पुष्कळ पॅकमध्ये ते १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतात, म्हणून त्यांना १८६५० म्हणतात. नव्या, मोठ्या पॅकमध्ये २१ बाय ७० चे, म्हणजे २१७०० असतात. एक लिथियम-आयन सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत. पाच सेल एकामागून एक जोडले की १८ व्होल्ट होतात. पाचांच्या दोन रांगा शेजारी लावल्या तर व्होल्ट तेवढेच राहतात, अँपिअर-तास दुप्पट होतात. दुकानात एकाच मशीनला बारीक आणि जाड असे दोन पॅक मिळतात त्यामागे एवढंच आहे. जाड पॅकचा आणखी एक फायदा होतो. ओढ दोन रांगांत वाटली जाते, सेल कमी तापतात आणि जड कामात मशीन दम सोडत नाही.

इथे एक सावधगिरी. ऑनलाइन आणि आठवडी बाजारात पॅकवर ४८, ८८, अगदी १२८ असे मोठाले आकडे छापलेली स्वस्त मशिनं मिळतात. त्यातल्या बऱ्याच पॅकमध्ये तेच पाच सेल असतात, म्हणजे खरे व्होल्ट १८ आणि भरल्यावर २१. ते पारखणं सोपं आहे: पॅकच्या मागे किंवा चार्जरवर ‘आउटपुट’ म्हणून काय लिहिलंय ते वाचायचं. चार्जर २१ व्होल्टचा असेल तर पॅक पाच सेलांचाच, वरचा आकडा काहीही असो. आणि वॅट-तास छापलेले नसतील तर तो पॅक मी तरी घेणार नाही. चांगल्या पॅकमध्ये एक छोटं सर्किट प्रत्येक सेलवर नजर ठेवतं, जास्त उतरला किंवा तापला की पुरवठा तोडतं. स्वस्तात नेमकं तेच गाळलेलं असतं. ज्या तंबूत मुलं झोपणार आहेत तिथे ही काटकसर करू नये.

या हत्यारांचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण त्यात आपल्या मुरमाचं उत्तर आहे. अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली निकेल-कॅडमियम सेलवर चालणारं बिनवायरीचं ड्रिल आणलं. सोनीने लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आणली, आणि २००३ नंतर ती हातातल्या हत्यारांत शिरली. पण मधला सगळ्यात मोलाचा प्रसंग १९७१ चा, चंद्रावरचा. अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट यांनी जमिनीतली उष्णता मोजण्यासाठी बॅटरीच्या ड्रिलने चंद्राच्या जमिनीत भोक पाडायला घेतलं. भोक तीन मीटरच्या आसपास जायचं होतं; ते निम्म्यावरच अडलं. मशीनची ताकद कमी पडली नव्हती. ड्रिलच्या नळ्या जिथे एकमेकींना जोडल्या होत्या तिथे वर चढणाऱ्या खाचा नीट जुळत नव्हत्या, त्यामुळे खालची भुकटी वर यायला वाट मिळेना. ती तिथेच दाबून बसली आणि नळी आवळली गेली. पुढच्या वर्षी अपोलो १६ साठी ते सांधे बदलले आणि भोक हवं तितकं खोल गेलं.

मुरमात भोक पाडताना नेमकं हेच होतं. त्यासाठी आधी कुठलं मशीन हातात आहे ते पाहू.

साधं ड्रिल नुसतं फिरतं. लाकूड, पत्रा, प्लास्टिक यांना पुरतं. हॅमर ड्रिलमध्ये दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घासतात आणि बीट फिरता फिरता बारीक थरथरतं. विटेला आणि मऊ मुरमाला हे चालतं, काळ्या पाषाणाला नाही; तिथे नुसता आवाज होतो आणि बिटाचं टोक निळं पडतं. रोटरी हॅमर, ज्याला मिस्त्री लोक एसडीएस म्हणतात, त्यात एक दट्ट्या हवेच्या जोरावर बिटाच्या मागच्या टोकावर खरे घाव घालतो. दगडाला तेच लागतं. पण ते जड आहे आणि पॅक भराभर खातं. चौथं इम्पॅक्ट ड्रायव्हर. त्याचा टोला पुढे बसत नाही, फिरण्याच्या दिशेने बसतो. स्क्रू अडला की आतला हातोडा स्प्रिंगवर मागे सरतो, सुटतो आणि फिरत्या दांड्याच्या कानांवर आदळतो. मिनिटाला तीन हजारांहून जास्त वेळा. म्हणून मोठा नट आवळतानाही हाताला हिसका बसत नाही.

मोटरीबद्दल एकच गोष्ट. जुन्या पद्धतीच्या मोटरीत कार्बन ब्रश फिरत्या भागाला घासून वीज पोचवतात. ते झिजतात, ठिणग्या पडतात, काही वीज उष्णतेत जाते. ब्रशलेस मोटरीत हे घासणं नाही, वीज कुठल्या गुंडाळीला द्यायची ते सर्किट ठरवतं. त्याच पॅकवर काम जास्त होतं. घरी प्लग जवळ असतो तेव्हा हा फरक जाणवत नाही, रानात जाणवतो.

आता खुंटी. हॅमर ड्रिलला ८ एमएमचं कार्बाइड टोकाचं बीट लावायचं. तंबूच्या दोरीचा ओढा कुठल्या दिशेने येणार ते आधी बघायचं आणि खुंटीचं डोकं तंबूपासून लांब कलेल असा कोन धरायचा. सुरुवात सावकाश, हॅमर बंद ठेवून, नुसती खूण पडेपर्यंत. नाहीतर बीट खड्यांवरून घसरतं. मग हॅमर चालू. बोटभर खोली झाली की फिरत्या बिटानेच वर यायचं, भुकटी बाहेर पडू द्यायची, परत आत जायचं. हे प्रत्येक बोटभर खोलीला करायचं. सलग दाबून धरलं तर भुकटी खाचांत बसते, बीट आवळतं, मशीन एकदम हाताला पीळ देतं आणि मनगट मुरगळतं. म्हणून बाजूचं हँडल लावलेलंच असावं. वीतभर भोक झालं की त्यात ८ एमएमची लोखंडी सळई हातोडीने ठोकायची. सळईचं वरचं टोक गावच्या वेल्डिंगच्या दुकानातून वाकवून आणलेलं असावं; चार पैशांचं काम आहे. भोक आणि सळई एकाच मापाचे असल्याने ती घट्ट बसते. मुरूम फारच सैल असेल तर ६ एमएमचं भोक घ्यावं.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. आठ-दहा इंचाचा जाड कोच स्क्रू घ्यायचा, डोक्याखाली मोठा वॉशर आणि वॉशरखाली दोरीचा फास. इम्पॅक्ट ड्रायव्हरला त्या मापाचा सॉकेट लावायचा आणि स्क्रू थेट मुरमात फिरवायचा. भुसभुशीत मुरमात तो आपली वाट आपण काढतो, कडक असेल तर आधी बारीक भोक लागतं. उचलताना मशीन उलटं फिरवलं की स्क्रू वर येतो, ना ओढाताण ना खुंट्या हरवणं. रान सोडताना भोकं पायाने बुजवून टाकावीत. जनावराच्या खुराला ती लागतात.

काळ्या रानात यातलं काही करू नये. तिथे ड्रिल निरुपयोगी आहे. हातभर लांब लाकडी किंवा कोनाच्या पट्टीची खुंटी तिरपी ठोकावी आणि पावसाचं चिन्ह असेल तर काळं रान सोडून माळावर जावं.

या सगळ्याला वीज किती लागली? समजा मशीन ३०० वॅट ओढतं आणि एका भोकाला २० सेकंद लागतात. ३०० ला २० ने गुणून ३६०० ने भागलं की १.७ वॅट-तास. बारा खुंट्यांना २० वॅट-तास. म्हणजे छोट्या ३६ च्या पॅकमधला निम्म्याहून जास्त भाग पहिल्या अर्ध्या तासात गेला आणि अजून संध्याकाळ व्हायची आहे.

संध्याकाळपासून त्याच पॅकवर दुसऱ्या वस्तू बसतात, आणि या हत्यारांची खरी सोय मला यातच दिसते. एकाच कंपनीचा पॅक ड्रिलला, दिव्याला, पंख्याला, हवा भरायच्या पंपाला आणि फोन चार्ज करायच्या यूएसबी जोडणीला चालतो. पाच हजार एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॅट-तास मावतात, गळती धरून २२. दोन रात्रींच्या मुक्कामाचा एक हिशेब मांडू: खुंट्यांना २०, ६ वॅटचा दिवा रोज पाच तास, ६०, फोन तीन वेळा, ६६, गाद्या आणि चाकं यांना हवा, १०. बेरीज १५६. ९० चे दोन पॅक नेले तर भागतं. आता ८ वॅटचा पंखा रात्री सहा तास लावला तर आणखी ९६ आणि बेरीज अडीचशेच्या पुढे. तिसरा पॅक आला. एप्रिलमध्ये लहान मूल बरोबर असेल तर तो पॅक न्यावाच. डिसेंबरात पंखा घरी ठेवावा.

हवा भरायच्या पंपाबद्दल थोडं. आपल्याकडे गाडवाटेला बाभळीचा काटा हा मोठा शत्रू. ट्यूबलेस टायरमध्ये काटा मोडला की तो पकडीने काढायचा, चिकट दोरी भोकात ढकलायची आणि पंपाने हवा भरायची. मोटरसायकलच्या टायरला हा पंप दोन-चार मिनिटं चालतो, पॅकमधले पाच-सहा वॅट-तास जातात. येडशीच्या पुढे रात्री दहाला पंक्चर काढणारा शोधण्यापेक्षा हे कितीतरी बरं. दाबाचा आकडा आधी बसवून ठेवला की पंप आपोआप थांबतो. तापलेला पंप लगेच पुन्हा लावू नये, त्याच्या पुस्तिकेत विश्रांतीची मिनिटं दिलेली असतात.

जिल्ह्यातला सगळ्यात मोठा मुक्काम पाहायचा असेल तर कोजागरीच्या आधी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर जावं. आश्विन पौर्णिमेला सोलापुराकडून आणि कर्नाटकातून भाविक पायी तुळजापूरला येतात. सोलापूरपासूनच ४५ किलोमीटरची वाट आहे. वाटेत ठिकठिकाणी चहा-फराळाचे, पाय चेपून द्यायचे मंडप उभे राहतात. ते एका दिवसात उभे करायचे आणि दोन दिवसांत उतरवायचे असतात. पाइपांची शिकंजी आवळायला, पत्रे धरायला, फलक लावायला इम्पॅक्ट ड्रायव्हर इथे जेवढं उपयोगी पडतं तेवढं सहलीतही पडत नाही. अशा जागी दोन गोष्टी पाळाव्यात. आवळायचा शेवटचा आटा हाताच्या पान्याने द्यावा, कारण इम्पॅक्टचा जोर शिकंजीचा बोल्ट तोडू शकतो. आणि चार्ज होणारे पॅक गर्दीपासून लांब, चुलीपासून लांब, एका माणसाच्या नजरेखाली ठेवावेत.

शेतातला फवारणी पंप मात्र अशा जागी पाणी द्यायला किंवा हात धुवायला कधीही आणू नये, कितीही धुतलेला असला तरी. औषध टाकीच्या प्लास्टिकला आणि नळीला धरून राहतं. त्यातली बॅटरी तेवढी काढून १२ व्होल्टच्या दिव्याला जोडली तर हरकत नाही.

लाकूड तोडण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण हातात मावणारी छोटी चेनसॉ आता स्वस्त मिळते. स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या शेतात, वाळलेली फांदी असेल तरच ती काढावी. चार इंची पट्टीच्या करवतीने मनगटाएवढी फांदी सहज कापली जाते. वाळलेली बाभूळ लोखंडासारखी. तिला साखळीचं तेल तपासून, घाई न करता कापावं. पट्टीच्या टोकाने कधी कापायला जाऊ नये. टोक अडकलं की करवत उलट अंगावर येते. गळ्यातलं उपरणं, टॉवेल, ओढणी, पदर हे आधी काढून किंवा खोचून ठेवावं, डोळ्याला चष्मा असावा. दोन माणसांच्या चुलीपुरतं सरपण हवं असेल तर हातकरवत पुरते आणि तिला पॅक लागत नाही. मी तरी चेनसॉ घरीच ठेवतो.

परवानगीचा मुद्दा मनावर घ्यावा असा आहे. येडशी रामलिंग घाट हे १९९७ साली जाहीर झालेलं, सुमारे २२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करणं, जाळ करणं, वाळली म्हणून फांदी उचलणं हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. २०२४ च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वरकडून आलेला वाघ याच भागात फिरत होता, तेव्हा रात्री मशिनं चालवण्याचं ते ठिकाण नव्हे हे वेगळं सांगायला नको. नळदुर्गचंही तसंच. बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला बंधारा, त्याच्या पोटातला पाणी महाल, पावसाळ्यात वाहणारे नर आणि मादी धबधबे, हे सगळं संरक्षित स्मारक आहे. तिथल्या दगडाच्या सांध्यात दिवा टांगायला एक स्क्रूही मारायचा नाही. जे टांगायचं ते स्वतःच्या काठीला टांगावं. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधाला तंबू लावणं हे मला सर्वांत चांगलं वाटतं. पाणी जवळ असतं, आणि मशीन नेलंच आहे तर त्याच्या गोठ्याच्या दाराची निखळलेली बिजागरी बसवून देता येते.

आता उन्हाचं. मे महिन्यात इथे पारा चाळिशी गाठतो आणि काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत तो साठीच्या पुढे जातो. लिथियम-आयन सेलला उष्णता थंडीपेक्षा जास्त मारते; भरलेला पॅक तापलेल्या गाडीत पडून राहिला की त्याची साठवण कायमची घटते. पॅक गाडीच्या काचेखाली कधीही ठेवू नयेत. झाडाच्या सावलीत, जाड कापडात गुंडाळून, जमिनीलगत ठेवावेत. बर्फाच्या पेटीत घालू नयेत, बाहेर काढल्यावर त्यांच्या टोकांवर पाणी धरतं. दुपारी खुंट्या मारून लगेच तापलेला पॅक चार्जरला लावला तर दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरू होत नाही. पुष्कळजण चार्जर बिघडला समजतात. तो बिघडलेला नसतो. साधारण ४०-४५ अंशांच्या वर सेल चार्ज करायचे नसतात म्हणून थांबलेला असतो. अर्धा तास सावलीत ठेवला की आपोआप घेतो.

चार्ज करायची वीज दोन ठिकाणांहून येऊ शकते. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर शंभर-सव्वाशे वॅटपर्यंतचा छोटा इन्व्हर्टर चालतो. प्युअर साइन वेव्हचा घ्यावा, आणि गाडी चालू असतानाच वापरावा, म्हणजे सकाळी स्टार्टर मारताना पंचाईत होत नाही. मुक्कामाच्या जागी पोचेपर्यंतच्या प्रवासात एक पॅक असाच भरून होतो. दुसरी वीज सूर्याची. १०० वॅटचं घडीचं पॅनल आपल्या स्वच्छ उन्हात पाच तासांत, गळती वजा जाता, साडेतीनशे वॅट-तासांच्या आसपास देतं. पण पॅनल थेट ड्रिलच्या चार्जरला जोडता येत नाही. मध्ये पॉवर स्टेशन लागतं आणि त्याचं वजन व किंमत दोन्ही वाढतात. दोन रात्रींसाठी जास्तीचा पॅक स्वस्त पडतो. चार-पाच रात्रींच्या पुढे पॅनल परवडू लागतं.

पावसात ही हत्यारं वापरायची नसतात. काही मशिनांवर धुळीपाण्यापासून संरक्षणाचा आकडा असतो, आयपी ५४ वगैरे; त्याचा अर्थ शिंतोडे चालतील, भिजणं नाही. पॅक ओला झाला तर मशीनमधून काढून, पुसून, सावलीत पूर्ण वाळेपर्यंत वेगळा ठेवावा. काळ्या चिखलाचा बारीक थर पॅकच्या खाचेत बसला तर जोड नीट लागत नाही आणि ती जागा तापते. कोरड्या दात घासायच्या ब्रशने ती साफ होते. विमानाने येणाऱ्यांसाठी एक नियम: सुटे पॅक सामानात टाकायचे नाहीत, हातातल्या बॅगेतच ठेवायचे. १०० वॅट-तासांपर्यंतचे चालतात, १०० ते १६० असतील तर विमान कंपनीची संमती लागते. ९० चा पॅक त्या रेषेच्या आत बसतो.

घरी आल्यावर पॅक पूर्ण भरून कपाटात ठेवू नयेत. पंपाच्या बॅटरीच्या अगदी उलट नियम इथे आहे: लिथियमचा पॅक निम्म्याच्या आसपास भरलेला, मशीनपासून वेगळा, थंड जागी ठेवावा आणि तीन-चार महिन्यांनी एकदा तपासावा. फुगलेला, पडून चेपलेला किंवा गोडसर रासायनिक वास येणारा पॅक चार्जला लावू नये. त्याच्या धातूच्या टोकांना चिकटपट्टी लावून तो विकत घेतलेल्या दुकानात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची पुढची व्यवस्था लावणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे, त्यामुळे दुकानदाराला तसं सांगायला संकोच करू नये. भंगारवाल्याकडे तो कधी देऊ नये, कारण तिथे तो ठोकून फोडला जातो आणि फुटलेला सेल पेट घेतो. सळया आणि कोच स्क्रू मात्र माती झाडून, तेलाचा हात फिरवून, एका डब्यात ठेवले की पुढची कितीतरी वर्षं जातात.